डावी बाजू

आधी वाटलं, डिकीतली पाण्याची कॅन असेल.
मग वाटलं, लशींचा डबा. तो आशाताईच्या मांडीवर दिला
शिंदोल्याच्या वळणापर्यंत. आवाज तिथंच होता,
पायाजवळ, डाव्या अंगाला:
टॉक.
शाळेपुढच्या गतिरोधकावर दोनदा.
ब्रेक दाबला की गाडी कडेला ओढायची,
बाजारात नेलेली गाय गोठ्याकडे ओढते तशी.

आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस कोळसा जातो.
थोडाथोडा रस्ताही जातो त्याच्यासोबत.

गाडी अठ्ठ्याण्णवची, मारुती आठशे,
घुग्गुसच्या एका ओव्हरमननं निवृत्त होताना विकलेली.
वणीचा मिस्त्री म्हणाला, "ताई, अख्खा आर्म टाका.
नाहीतर गाडीच टाका."
मी नुसते बुश मागितले, दोन. एकेक मुठीत मावला.

परसराम आत्राम, खाणीत तीस वर्षं भोकं पाडून
कानानं गेलेला. त्यानं मला चाक हलवायला लावलं
आणि मडगार्डवर तळहात ठेवून डोळे मिटले.
"आवाजाचं मले नोको सांगू. इथीसा हाय. आतला."

शनिवारी रात्री, सुई काढलेल्या सिरिंजनं
मी गंजलेल्या बोल्टाला डिझेल पाजलं,
दर दोन तासांनी. रजिस्टरला नोंद केली नाही, एवढंच.
सकाळी सतरा नंबरचा पाना, त्याच्या शेपटीला
हापशाचा तुटका पाइप, पाइपला मी.
बोल्ट ढिम्म.
शेजारची कुंदा म्हणाली, "बाई, साडी तरी बदलून ये."
नवऱ्याची जुनी पँट चढवून आले, पुन्हा लोंबकळले.
तेव्हा तो असा किंचाळला की कोंबड्या उधळल्या,
आणि परसरामकाका माझ्या खांद्यांकडे पाहून म्हणाला,
"सुटला."

जुन्या रबराला भेगा, उन्हाळ्यातल्या टाचांसारख्या.
मधली नळी एकीकडे कललेली, लोखंडावर लोखंड.
असे गुडघे मी रोज तपासते उपकेंद्रात,
कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी पाठवते.
इथं गोळी नव्हती.
हॅक्सॉचं पातं आत घालून कवच कापलं,
हातोडीनं उरलंसुरलं पाडलं.
नवा बुश साबणाच्या पाण्यात बुडवला,
लांब बोल्ट, दोन वायसर, पाइपचा तुकडा,
एकेक आटा फिरवत आत ओढला.
तीनदा तिरका गेला. तीनदा काढला.
चौथ्यांदा शिव्या दिल्या, आणि मनातल्या मनात नव्हे.

आर्म जागेवर बसला. शेवटचा पेच आवळायला पाना लावला
तर म्हाताऱ्यानं मनगट धरलं.
"आत्ता नाही. चाक हवेत लोंबकळून राह्यलं ना.
आत्ता आवळशीन तर रबर जनमभर मुरगळून राहीन.
पाय जमिनीले टेकू दे, अंगावर वजन येऊ दे. मंग."

त्याच्याकडे खाणीतले सागवानी ठोकळे होते,
कधी छताखाली टेकू म्हणून लागलेले, काळे, तेलकट.
ते चाकांखाली सरकवले. जॅक उतरवला.
मग वजन: मागच्या सीटवर कुंदा, तिची दोन पोरं,
तुरीचं एक पोतं. पुढं काका.
कुठंही न जाणाऱ्या गाडीत
सगळे वरातीसारखे बसले.
मी खाली, पाठीवर. नाकावर मागच्या मालकाच्या काळची धूळ,
वर पोरांचं खिदळणं.
गाडी बोटभर बसली.
तेव्हा आवळला.

अंधार पडला. उजव्या बाजूचा बुश पुडक्यातच राहिला,
पुढच्या रविवारी पाहू.
"चाल, फिरवून आण," काका म्हणाला आणि उतरलाच नाही.

शाळेपुढचा गतिरोधक. श्वास धरला.
काही नाही.
वळवून पुन्हा आणली. काही नाही.
मी हसून त्याच्याकडे हातानं खूण केली, गेला!
तो डॅशबोर्डवर तळहात ठेवून बसलेला,
डोळे मिटून.
"हाव," म्हणाला.
"आता उजवी बोलून राह्यली."